ओवीची पुस्तकं आणि खाकी कव्हरं

सहकारनगर, पुणे

ती. सरोजिनीताईस,

अनंताचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तो खुर्चीतूनच घातला आहे, गोड मानून घे). तुझा खोकला कसा आहे? सांगलीची हवा मानवते ना? आमच्याकडे ठीक. खडकवासला भरलं म्हणे, पण आमच्या नळाला अजून कोणी कळवलेलं नाही.

पत्राला कारण ओवीची पुस्तकं. नात साडेतीन वर्षांची झाली आणि सूनबाईंनी तिला चित्रांची पुस्तकं आणायचा सपाटा लावला. स्पृहा आणि सौमित्र दिवसभर कंपनीत, तेव्हा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. वाचून म्हणजे काय, तर पानभर हत्ती आणि त्याच्या पायाशी एक ओळ, ‘हत्ती निघाला.’ पान उलटावं तर ‘हत्ती अजून चालतोय.’ कुठे, कशासाठी, पत्ता नाही. (जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाने हे वाचायचं.) मी हत्तीच्या आहाराविषयी दोन उपयुक्त वाक्यं घातली तर बाईसाहेब म्हणतात, “आबा, असं नाहीये त्यात.” वाचता येत नाही, पण पान गाळलं की लगेच पकडते. संपलं की पुन्हा तेच पुस्तक. पण मांडीवर रेलून बसायची, म्हणून मीही वाचत होतो.

आता तुला माहीतच आहे, आपल्या घरात कव्हर नसलेलं पुस्तक म्हणजे उघड्या अंगाने लग्नाला जाणं. जून उजाडला की अण्णा खाकी कागद घेऊन बसायचे. मीही बसलो. नुसती दुमडलेली कव्हरं निसटतात, म्हणून मैद्याची खळ करून पक्की चिकटवली, वर पांढरी चिठ्ठी लावून टपोऱ्या अक्षरांत नावं घातली. कपाट बघून अण्णांनी पाठ थोपटली असती.

ओवी बालवाडीतून आली, कपाटापुढे उभी राहिली आणि तिने भोकाड पसरलं. माझी पुस्तकं कोणी नेली म्हणून. मी चिठ्ठ्या दाखवल्या. जिला अक्षरओळख नाही तिला मी नावं वाचायला सांगतोय, हे माझ्या डोक्यात संध्याकाळी शिरलं, तेही “अहो बाबा, मुलं वरच्या चित्रावरून पुस्तक ओळखतात,” असं स्पृहा म्हणाल्यावर. सौमित्र नुसता हसला. त्याला हसायला काय जातंय? एक कव्हर सोडवायला गेलो तर हत्तीची सोंड कागदाबरोबर निघून आली. अण्णांच्या पद्धतीची खळ आहे ती.

तेव्हापासून ती माझ्याकडे पुस्तक घेऊन येत नाही. रविवारी वाघोलीचे व्याही नवंकोरं पुस्तक घेऊन आले आणि ही थेट त्यांच्या मांडीवर. दत्तप्रसादराव चष्मा विसरले होते. मनाला येईल ते ठोकून देत होते आणि ही खुशाल ऐकत होती. फार लागलं गं मला. घरात कोणाला सांगणार?

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
अनंत

ता. क. तू इतकी वर्षं मुलांना चित्रकला शिकवलीस. रंगपेटी घेऊन चार दिवस ये आणि प्रत्येक कव्हरावर आतलं चित्र काढून दे. कशासाठी निघालीस ते भाऊजींना सांगू नकोस.

ता. ता. क. पत्र टाकायचं राहिलं. मधल्या वेळात मीच त्या सोंड गेलेल्या पुस्तकाला नवं कव्हर घालून वर हत्ती काढला. ओवीने निरखून पाहिलं आणि म्हणाली, “बटाटा.” मग पुस्तक उचलून माझ्या मांडीवर येऊन बसली, “आबा, बटाट्याचं वाच.” आत पानोपान हत्ती असताना मी तिला बटाट्याची गोष्ट वाचून दाखवली आणि तिने एकदाही अडवलं नाही. तेव्हा तू सवडीने ये. बाकीची पुस्तकं तुझी, त्या बटाट्याला मात्र हात लावू नकोस.