निरोगी माणसाचं स्टूल

मिल्व्हर्टन, ओंटारियो
मार्चअखेर, बर्फ वितळून चिखल झाल्यावर

आदरणीय लेवीदादा आणि मॅटी वहिनी यांना,

प्रभूच्या नावात एनॉस आणि सलोमा यांचा सलाम. तिकडे एलमर गावी तुम्ही सगळे सुखरूप असाल, वहिनींचा गुडघा त्यांना आता जिना चढू देत असेल, आणि तुमची ती लाथा झाडणारी करडी घोडी शहाणी झाली असेल (नसेलच झाली), अशी आशा करतो. इकडे सलोमा बरी आहे, मुलं बरी आहेत, गायी बऱ्या आहेत. मी सोडून सगळं बरं आहे. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे हे पत्र जेवणानंतर सगळ्यांना बाकांवर बसवून मोठ्याने वाचलं जाणार, याची मला कल्पना आहे. म्हणून होता होईल तेवढं सभ्य लिहितो. पण आजाराने माझ्या शरीराची जी जागा निवडली आहे, तिच्याबद्दल सभ्य लिहिणं सोपं नाही. लहान मुलं अजून जेवत असतील तर थोडं थांबा.

पाय कसा मोडला ते तुम्हाला उडत उडत कळलं असेलच. हिवाळ्याच्या तोंडाशी माळ्यावरून गायींना गवत टाकत होतो. गवत खाली सोडायला माळ्याच्या फळ्यांत जी चौकोनी खिडकी ठेवलेली असते, ती मीच उघडली आणि मीच तिच्यात पाय घातला. (गाय बाजूला झाली. नाहीतर दोन जिवांचं नुकसान झालं असतं.) शहरातल्या मोठ्या इस्पितळात हाडाला पोलादी पट्टी ठोकायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर खुर्ची ओढून बसला आणि चाचरत सांगू लागला, की कापण्याआधी कातडी धुवायची दोन औषधं आहेत, एक तांबडं आणि एक बिनरंगी, आणि हाड मोडलेल्या माणसाला त्यांतलं कोणतं जास्त मानवतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. त्यासाठी संशोधन चाललंय. कुणाला कोणतं लावायचं ते मशीन चिठ्ठी टाकून ठरवतं. तुमची हरकत नसेल तर, वगैरे. बिचाऱ्याला वाटलं, मी रागावणार. मी म्हटलं, बाळा, एवढं समजवायची गरज नाही, आमच्या पंथात आम्ही उपदेशकसुद्धा असेच निवडतो. स्तोत्रांच्या पुस्तकांपैकी एकात चिठ्ठी ठेवतात, ते पुस्तक ज्याच्या हाती येईल तो जन्मभराचा उपदेशक. त्याचं लिहिणं थांबलं. त्याने विचारलं, "आणि चालतं हे?" मी म्हटलं, "काही जण चांगले निघतात."

माझ्या वाट्याला तांबडं औषध आलं. तरीही जखमेत पू झाला. दोष कुणाचाच नाही. दहांतल्या एखाद्याला होतोच म्हणे, आणि तो एखादा होण्याची सवय मला आताशा लागली आहे. मग जंतू मारायच्या गोळ्या सुरू झाल्या, मोठ्या, गुरांना देतात तशा. गोळ्यांनी पायातले जंतू मारले आणि तेवढ्यावर न थांबता पोटातही शिरल्या. डॉक्टर म्हणतात, पोटात चांगले-वाईट असंख्य जंतू गुण्यागोविंदाने नांदत असतात. माझ्यातले चांगले सगळे मेले आणि एक उनाड तेवढा उरला. रिकाम्या घरात त्याने काय धुमाकूळ घातलाय ते मी लिहीत नाही. आपल्यात मोटार चालत नाही, म्हणून भाड्याने गाडी चालवणाऱ्या डोरीनबाई मला इस्पितळात नेतात-आणतात. त्यांना आता रस्त्यावरच्या प्रत्येक पेट्रोल पंपाचं मागचं दार माहीत झालंय, आणि मी नुसता श्वास जोरात घेतला तरी त्या गाडी वळवतात. स्वभावाने भली बाई आहे. फक्त वाटेत भेटेल त्याला माझी प्रकृती सांगते.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर सुटका झाली असेल. पण लेवीदादा, संशोधन करणाऱ्या लोकांना आपली माणसं फार आवडतात हे मला या हिवाळ्यात कळलं. आपण घर बदलत नाही, बोलावलेल्या दिवशी येतो, विचारलेलं खरं सांगतो आणि थंडी टाळायला मध्येच उठून फ्लोरिडाला जात नाही. हाडवाल्यांनी मला पोटवाल्यांच्या हवाली केलं, जसं चांगल्या कामाचं घोडं एक शेजारी दुसऱ्याला देतो. पोटाच्या डॉक्टर चर्नियाकबाई. उंच, शांत, कायम उभ्या. त्यांच्या संशोधनातही दोन गट. एका गटाला आणखी एक औषध. आणि दुसऱ्या गटाला (मुलांना आता उठवावं) निरोगी माणसाच्या पोटातून जे रोज बाहेर पडतं, ते प्रयोगशाळेत गाळून, शुद्ध करून, आजारी माणसाच्या पोटात सोडतात, म्हणजे त्यातले चांगले जंतू तिथे पुन्हा वस्ती करतात. मी बाईंना पुन्हा सांगायला लावलं. मला ऐकायला कमी येतं असं समजून त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. दार उघडं होतं.

माझ्या नावाने कोणत्या गटाची चिठ्ठी निघाली ते तुम्ही ओळखलंच असेल. आपल्यात ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघते तो रडतो, पण नाही म्हणत नाही. ओझं देणाऱ्याला माहीत असतं ते कुणावर टाकायचं. मीही थोडा रडलो आणि हो म्हणालो. बाईंना वाटलं, आनंदाने रडतोय. त्यांनी हात हातात घेतला.

अडचण एकच निघाली. त्यांच्याकडे देणारी नेहमीची जी तरुण मंडळी होती, ती एका मागोमाग एक तापाने आजारी पडली, आणि साठवलेलं संपत आलं. बाई म्हणाल्या, तुमच्याच माणसांपैकी कुणी धडधाकट मिळाला तर लगेच करू, नाहीतर थांबावं लागेल. आणि थांबायला हाडवाले तयार नाहीत. पोटात अन्न टिकत नाही तोवर हाड सांधणार नाही, आणि असंच चाललं तर आतड्याचा एक भाग कापून काढावा लागेल, असं त्यांनी सलोमासमोर सांगितलं. ती टोपीची नाडी चाचपत राहिली.

गरजवंताची सोय पाहणं हे डीकनचं काम, म्हणून सलोमा डीकन सॉलोमन किप्फरकडे गेली. आता तुम्ही तुमच्या बहिणीला ओळखता. कोंबडी अंड्यावर बसली हेसुद्धा ती मान खाली घालून सांगते. तिने बाईंच्या तोंडून ऐकलेला त्यातल्या त्यात सभ्य शब्द निवडला आणि डीकनना म्हणाली, एनॉससाठी इस्पितळाला निरोगी माणसाचं स्टूल हवंय. चांगलं भक्कम. जमल्यास ताजं. एवढं बोलून ती निघून आली.

डीकननी रविवारी उपासनेनंतर, सूप वाढलं जात असताना, पुरुषांना ही गरज सांगितली. म्हणे कुणी काही विचारलं नाही. इस्पितळ गरीब असावं, एवढंच सगळ्यांच्या मनात आलं. फक्त म्हातारा ॲमॉस श्ट्रायखर म्हणाला, की ताजं कशाला, ताजं लाकूड पुढे तडकतं, मुरलेलंच घ्या. मग ज्याच्याकडे ओक होतं त्याने ओक दिलं, ज्याच्याकडे रंधा चांगला होता त्याने रंधा चालवला, आणि ज्याला नुकताच खोकला झाला होता त्याला डीकननी परत पाठवलं, कारण माणूस निरोगी हवा होता. मला यातलं काही कळलं नाही. मी पेट्रोल पंपांच्या मागच्या दारांत गुंतलो होतो.

पुढच्या फेरीला डीकन मोटारीत पुढे बसले. मागे काहीतरी खडखडत होतं. मला वाटलं, माझंच पोट. इस्पितळात पोचल्यावर त्यांनी आणि डोरीनबाईंनी एकेक करून स्टुलं आत आणली आणि चर्नियाकबाईंच्या दाराबाहेर भिंतीशी मांडली. तीन पायांची, चार पायांची, एक तर हातात धरायला भोक असलेलं, फार सुबक. बाई बाहेर आल्या. डीकननी हॅट काढली.

"तुम्ही मागितलेली स्टुलं," ते म्हणाले. "सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे. मी स्वतः चौकशी केलीय."

बाई हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. त्या त्यातल्याच एका स्टुलावर बसल्या (मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो), डीकनना दुसऱ्यावर बसवलं आणि हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. डीकनच्या मानेवर आधी लाली चढली, मग ती कानापर्यंत गेली. परतताना ते अर्धी वाट हॅटची कड फिरवत बसले. मग काचेबाहेर बघत म्हणाले, "एनॉस, ही चिठ्ठी तुझ्याच नावाची का निघाली, हे देवाला विचारायचं नसतं. पण विचारावंसं फार वाटतंय."

स्टुलं प्रयोगशाळेने ठेवून घेतली. सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाला उंची अगदी बरोबर होते म्हणे, आणि आणखी आहेत का म्हणून विचारणा आली आहे. सगळ्या संशोधनात आजवर एवढाच निश्चित फायदा झालेला माझ्या पाहण्यात आहे.

डीकननी मात्र शब्द मागे घेतला नाही. बाईंचे सगळे प्रश्न पाठ करून ते पुन्हा त्याच घरांतून फिरले. या खेपेला गोठ्याच्या मागे नेऊन एकेकाला विचारलं. माणसं दचकली, पण नाही कुणीच म्हणालं नाही. आणि तरी एकही चालला नाही, कारण बाईंच्या प्रश्नांत एक होता, की निरसं दूध पिता का. आपल्या मिल्व्हर्टनमध्ये निरसं दूध न पिणारा माणूस म्हणजे तान्हं बाळ, आणि तेही आईचं निरसंच पितं. बिशप आपणहून पुढे आले, पण ते पित्ताच्या गोळ्या घेतात. (हे कुणालाच माहीत नव्हतं. आता आहे.) माझा जावई चालला असता, पण त्याने दाढेसाठी औषध घेतलंय.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. या भागात एनॉस यांत्झी नावाचे आम्ही बरेच आहोत, हे तुम्हाला माहीतच आहे. एकाच्या आजोबांनी बदकं पाळली म्हणून तो आजही बदक एनॉस, आणि त्याच्या नातवंडांनाही बदकाचीच म्हणतात. मी इतकी वर्षं नुसताच एनॉस होतो आणि त्याचं मला मनातून थोडं समाधान होतं. परवा दळणाच्या गिरणीत एकाने दुसऱ्याला विचारलेलं ऐकलं, कुठला एनॉस, तर तो म्हणाला, स्टूल एनॉस. माझी नातवंडं अजून जन्मायची आहेत, पण नाव त्यांची वाट बघत बसलंय.

असो. गर्व उतरवायच्या देवाच्या पद्धती अनेक आहेत आणि मी तक्रार करत नाही. फक्त थकलो आहे. वहिनींना, मुलांना आणि त्या घोडीला आमचा सलाम सांगा. वसंतात कुंपणाला हात लावाल तेव्हा मी मदतीला येईन म्हणालो होतो. ते या वर्षी जमेल असं वाटत नाही.

तुमचा मेहुणा,
एनॉस

ता. क. वहिनींनी पाठवलेला आल्याचा मुरंबा पोचला. बरणी फार छान आहे. मुरंबा मुलांनी खाल्ला.

ता. क. दुसरं. इथून पुढचं मोठ्याने वाचू नये. लेवीदादा, आपल्या सगळ्या गोतावळ्यात निरसं दूध न पिणारा एकच माणूस आहे. चाळीस गायींचा धनी असून दूध पोटाला सोसत नाही म्हणून काळी कॉफी पिणारा. प्रत्येक लग्नाच्या पंगतीत लोक ज्याच्यापुढे मुद्दाम दुधाचा तांब्या ठेवतात, तो. जन्मात गोळी घेतली नाही असं तुम्ही प्रत्येक पंगतीत सांगता, तेही खरं आहे असं मी धरून चालतो. मी चर्नियाकबाईंना विचारलं, दूध न सोसणं हे पोटाचं दुखणं धरता का. त्या म्हणाल्या, नाही, आणि लगेच विचारलं, "कुठे आहे हा माणूस?" लिलावात चांगला घोडा दिसल्यावर विचारतात तसं. आधी रक्त वगैरे तपासतील. बाकी सगळं तुम्ही रोज करताच.

सलोमाने मला हे लिहायला सांगितलेलं नाही. आज सकाळी तिने माझा रविवारचा कोट पुन्हा शिवून आत घेतला. आता शिवणीला शिवण लागली, याहून आत घेता येत नाही. कोट खुंटीला अडकवून ती अंगणात गेली.

ता. क. तिसरं. सलोमाने आत्ता पत्र वाचलं. ती म्हणते, "मोठ्याने वाचू नये हे पत्राच्या वर लिहायचं असतं." बरोबर आहे. पण कागद संपला आहे. बाकांवर बसलेल्या सगळ्यांना सलाम.

ता. क. शेवटचं, समासात. होकार असेल तर कार्डावर एवढंच लिहा, की स्टूल घेऊन येतो. पोस्टवाल्याला वाटेल, तुम्हीही सुतारकाम हाती घेतलंत. मात्र हात जोडून विनंती, लाकडी आणू नका.