कागदी कॅमेऱ्यापुढे सर

आई,

तुला वाकून नमस्कार. बाबांची कंबर आता कशी आहे? ते ऐकत नसतील, तरी शेक घ्यायला लाव.

माझी काळजी करू नकोस. कागदाचा लगदा कालवून हातांना भेगा पडल्यात, पण मलम लावते. जेवण वेळेवर होतं. एकटीनं जेवायची आता सवय झाली आहे.

आमचा प्रकल्प मात्र मार्गी लागला! आम्ही मुलींनी स्वतः कागद बनवून त्याचे कॅमेरे केले. भिंग नाही, नुसतं सुईनं पाडलेलं भोक. आधी सगळे फोटो काळेठिक्कर आले, कारण कॅमेऱ्याच्या कागदातूनच उजेड झिरपून आतला फोटोचा कागद काळा पडत होता. सर नेहमीसारख्या कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पुरे हा खेळ. दुसरा विषय घ्या." मला रडूच कोसळलं.

मग आम्ही कॅमेऱ्यांना आतून काळा रंग फासला आणि मी धीर करून सरांनाच म्हटलं, "सर, एकदा तुम्हीच बसा ना समोर. फक्त हलायचं नाही."

सर खिडकीपाशी खुर्चीत बसले. भोक बारीक, म्हणून बराच वेळ बसावं लागतं. आम्ही श्वास रोखून उभ्या, आणि सर चक्क झोपी गेले!

फोटो इतका स्वच्छ आला की चष्म्याची दांडीसुद्धा दिसते. कपाळावर एकही आठी नाही. सरांनी फोटो हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "इतका शांत मी दिसतो होय? करा, पुढे करा."

सुट्टीत आले की तुझा फोटो काढणार आहे. पण तू तेवढा वेळ एका जागी बसशील तर शपथ!

तुझीच,
धाकटी