लाल-पिवळ्या कॅप्सूल

मुरबे,
४ फेब्रुवारी १९८६

ती. जमुनाताईस,
धाकट्या प्रेमलाचा सा. न. वि. वि.

ताई, तू पालघरला नर्स, म्हणून तुलाच लिहिते. वाचलंस की फाडून टाक. दोन आठवडे झाले, खाली नुसती आग आणि खाज. दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जातं. रोज जखमेच्या औषधाच्या पाण्यानं आतपर्यंत धुते, तरी वाढतंच आहे.

सासूबाई म्हणतात, नवरा बाहेर गेल्याशिवाय असलं काय होत नाय. देवू होडीवर आठ-आठ दिवस असतो, कुठल्या बंदरात काय करतो कोणाला ठाऊक! पुढच्या शुक्रवारी होडी लागायच्या आत मी माहेरी निघून जाणार, कायमची.

बाकी ठीक. मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा बोटात गेला होता, तो दुकानातल्या लाल-पिवळ्या कॅप्सूलनी बरा झाला. तीन आठवडे घेतल्या.

तुझी माया असू दे.
प्रेमला

पालघर,
७ फेब्रुवारी १९८६

चि. प्रेमलास अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, बोचकं सोड आधी! तीन आठवडे कॅप्सूल, तीही कोणाला न विचारता? त्यांनी बोटातले जंतू मेले, तसे अंगातले राखणदार चांगले जंतूही मेले, आणि बुरशी माजली. वर तू औषधाचं पाणी ओतून उरलेसुरले घालवलेस. ते आजच बंद कर. साधं पाणी पुरे, तेही बाहेरून.

नवऱ्याकडून येणारे आजारही असतात, खोटं कशाला सांगू. पण तुझी लक्षणं बुरशीची दिसतात. ती साखरेच्या आजारात होते, गरोदरपणात होते, अशा कॅप्सूलनीही होते. सोमवारी दवाखान्यात ये, बाई डॉक्टर तपासतील. तोवर देवूला गुन्हेगार ठरवू नकोस.

सगळ्यांना माझी आठवण सांग.
तुझी ताई, जमुना

मुरबे,
२० फेब्रुवारी १९८६

ती. जमुनाताईस सा. न. वि. वि.

डॉक्टरबाईंनी बुरशीच सांगितली. आत ठेवायच्या गोळ्यांनी खाज गेली. देवूला सगळं सांगितलं. आधी रागावला, मग म्हणाला, मला विचारायचं तरी होतंस. चुकलेच गं मी.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. कारणांची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग रडायलाच लागल्या. त्यांनाही एकदा असाच त्रास झाला होता. त्यांनी माझ्या सासऱ्यांवर आळ घेतला आणि ते वारेपर्यंत अकरा वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्रास झाला तेव्हा देवू पोटात होता.

तुझीच,
प्रेमला