आईच्या बोटातली साखर

३ फेब्रुवारी, सकाळी ६
पदवीला मी मधुमेहींच्या पथ्यपाण्यावर ऐंशी पानांचा प्रकल्प लिहिला. मग मला स्वतःला सकाळी साखर तपासणं आणि दुपारी एक गोळी घेणं का जमत नाही? असो. घरातली पहिली पदवीधर एका गोळीपुढे हरणार नाही. नवी वही आणली.

४ फेब्रुवारी
वही आखली, लाल पेनने. फार देखणी झाली. तपासणी उद्यापासून.

७ फेब्रुवारी
सुईची भीती मला नाही. आकड्याची थोडी आहे. आई म्हणाली, एवढंसं टोचायला इतकं काय गं, आण इकडे. आणि स्वतःचं बोट पुढे केलं. पंच्याण्णव. इतका चांगला आकडा वाया का घालवायचा? वहीत लिहिला. पानाला शोभला.

१५ फेब्रुवारी
आठवडाभर आईचंच बोट. आम्ही एकाच भांड्यातलं जेवतो, फार फरक नसणारच.
दुपारची गोळी राहतेय. विमा ऑफिसात फॉर्म तपासायची नोकरी, अजून कायम व्हायचंय. सगळ्यांदेखत डबी उघडली तर साहेब मला आजारी समजतील. मी आजारी नाही. मला फक्त मधुमेह आहे.

२ मार्च
फॉर्मवरचे आकडे धुरकट दिसतात. ऑफिसातले दिवे भिकार. लेखी तक्रार केली. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, मला तर सगळं लख्ख दिसतंय बाई. अन्यायाची सवय होते माणसाला.

९ मार्च
आई म्हणाली, बोट हवं तितके दिवस घे, पण गोळी तरी तुझी तू गीळ. शिकलेली मी की ती?

१४ मार्च
डॉक्टरांनी वही पाहिली, मग लॅबचा रिपोर्ट, मग मला. म्हणाले, हे दोन्ही एकाच माणसाचं असेल तर मलाच तपासून घ्यायला हवं. मशीनला दोष द्यायला मी तोंड उघडलं. पण रिपोर्टही धुरकटच दिसत होता, आणि दवाखान्यातले दिवे झक्क होते. सांगून टाकलं, बोट आईचं आहे. ते म्हणाले, मग आईंना गोळ्या नकोत. तुम्हाला एका गोळीऐवजी दोन. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

१५ मार्च, दुपारी १:३०
सकाळी माझं बोट. दोनशे बारा. लिहिलं.
आत्ता डबी ऑफिसच्या टेबलावर उघडली, सगळ्यांदेखत, मुद्दाम आवाज करून. गोळी घेतली. कुणी मानही वर केली नाही. थोडं वाईट वाटलं.