सायमाच्या मागची सावली

१८ नोव्हेंबर, आलापल्ली

आज पोचले. बल्लारपूरहून निघालेली एसटी अर्धी रिकामी होती. शेवटी शेवटी खिडकीबाहेर नुसतं सागवान लागलं आणि मी मोबाइल बाजूला ठेवून बघत बसले. पुण्यात काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांची बिघडलेली अ‍ॅप दुरुस्त करायचे. इथे तेच काम अंगणाकडे तोंड करून करायचंय. मजा वाटतेय.

श्रीहरीभाऊ स्वतः फाट्यावर घ्यायला आले होते. लाकूड डेपोतून निवृत्त झालेत, घराच्या मागच्या खोल्या पाहुण्यांना देतात. गुडघे गेल्यामुळे त्यांना आता जंगलात फिरवत नाही, त्यातूनच ही अ‍ॅपची कल्पना निघाली. ज्याला चालता येत नाही त्याने मोबाइल हातात धरावा आणि इथल्या जंगलातून फिरून यावं. पायवाट, झाडं, पानांतून गळणारं ऊन, सगळं पडद्यावर. अ‍ॅप तयार आहे, पण साध्या फोनवर उघडलं की बंद पडतं. ते चालतं करायला मी आलेय.

चित्रांचं काम सायमा करते. चंद्रपूरची आहे, वडील दुकानांच्या पाट्या रंगवतात. माझ्याहून लहान. आल्या आल्या तिने माझी बॅग उचलली आणि संघप्रियाताई, मग संघूताई, मग नुसतं ताई म्हणायला लागली. आमची खोली एकच. तिने खिडकीजवळची खाट माझ्यासाठी सोडली होती. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवला, लॅपटॉप लावला. भाऊंच्या बायकोने, गिरजाबाईंनी, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात वाढला. पोटभर जेवले.

२१ नोव्हेंबर

दोष सापडला. सायमा झाडांच्या सालीचे फोटो काढते आणि ते पडद्यावरच्या झाडांना गुंडाळते. एकेक फोटो इतका मोठा होता की साध्या फोनची मेमरी दहा-बारा झाडांतच भरून जायची. मी ते लहान केले, आणि कॅमेऱ्यासमोर आहेत तेवढीच झाडं उघडतील असं केलं. संध्याकाळी गिरजाबाईंच्या जुन्या फोनवर अ‍ॅप न अडखळता चाललं.

गिरजाबाईंनी पडद्यावरच्या सागाला बोट लावलं आणि म्हणाल्या, “सायमा, हे झाड तर खरंच हाय वं.”

भाऊंनी सायमाच्या पाठीवर थाप मारली. मीही हसले. झाड दिसतं. बंद न पडलेलं अ‍ॅप कोणाला दिसत नाही.

२६ नोव्हेंबर

मध्येच कोणाचा फोन आला आणि परत अ‍ॅपकडे वळलं तर पडदा काळा राहायचा. फोन मेमरीतली चित्राची जागा काढून घेतो आणि आपल्या अ‍ॅपला ते कळतच नाही. दोन दिवस घालवून ते नीट केलं. जेवताना सांगितलं. भाऊ “बरं, बरं” म्हणाले आणि सायमाला विचारलं की उन्हाचा रंग जरा आणखी पिवळा होईल का.

तिने जेवणाच्या ताटावरून उठून केला. एक आकडा बदलला, डोळे बारीक करून पाहिलं, दुसरा टाकला. झालं. सकाळचं ऊन. मी पुस्तकं वाचून जे शिकले ते ती नुसतं बघून करते. पडद्यावरचा उजेड आणि रंग ठरवणारा कोड, त्याला शेडर म्हणतात, तो काय असतो ते तिला नीट सांगतासुद्धा येत नाही. मी विचारलं होतं.

ती रोज सकाळी लालसूभाऊंबरोबर जंगलात जाते. लालसूभाऊ इथले वाटाडे, पाहुण्यांना फिरवतात. माझ्याशी ते कामापुरतं बोलतात, तिच्याशी हसतात. मी चाचणीसाठी एक सोय केलीय. तिच्या फोनवरून ती कुठे आहे ते कळतं आणि माझ्या पडद्यावरच्या जंगलात एक पिवळी बाहुली तिच्यासारखीच चालते. दिवसभर मी टेबलाशी, आणि ती बाहुली झाडांतून.

२ डिसेंबर

आज मनातून आनंद झाला, खोटं कशाला लिहू. सायमाच्या कामात चूक सापडली.

पायवाटेच्या वळणावर एक सावली पडलीय आणि ती कोणत्याच झाडाची नाही. लांबट, वरच्या टोकाला गोल. मी निम्मी झाडं लपवली, सावली तशीच. उरलेल्यातली निम्मी लपवली. दोष शोधायची हीच रीत, निम्मं निम्मं करत जायचं. शेवटी एकही झाड उरलं नाही. मोकळी जमीन, वर सूर्य, आणि ती सावली.

सायमाच्या लॅपटॉपवर बघितलं, तिथे नाही. फक्त माझ्याकडे दिसते. तिला सांगितलं नाही. बारा तारखेला भाऊंनी शाळांचे गुरुजी आणि पाहुणे बोलावलेत, तिथे मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसू दे. मग मी उठेन आणि सगळ्यांसमोर दुरुस्त करीन.

५ डिसेंबर

सावली आता वळणावर नसते. पिवळ्या बाहुलीच्या मागे असते. बाहुली थांबली की थांबते.

दुपारी सायमा परत आली. पाय धुतले, बराच वेळ पायरीवर बसली. मग म्हणाली, “ताई, मले जंगलात कोणीतरी मागं मागं चालल्यासारखं वाटून राह्यलं. लालसूभाऊ समोर असते, मंग मागं कोण?”

मी म्हटलं, वाळलेली पानं वाजतात. तिने मान हलवली. जाता जाता माझा रिकामा कप धुवून ठेवला. हेसुद्धा ती सगळ्यांना आवडावं असंच करते.

असं लिहायला नको होतं. पण लिहिलंय.

७ डिसेंबर

सावली कशाची ते कळत नसेल तर अ‍ॅपमधला कॅमेरा तिथल्या सूर्याच्या जागी न्यायचा. सूर्याला जे दिसतं त्याचीच सावली पडते. जवळचं फिकं, लांबचं गडद, असं करड्या रंगाचं चित्र मिळतं. मी हे आधीच करायला हवं होतं.

सायमा तेव्हा नाल्याकडे होती. मी कॅमेरा वर नेला. खाली झाडांचे शेंडे, त्यांच्यामध्ये बाहुली, आणि तिच्या मागे कोणीतरी उभं. वरून डोकं दिसत होतं, खांदे दिसत होते. केसांचा अंबाडा. अंबाड्यात काहीतरी आडवं खोचलेलं, काडीसारखं.

माझा हात आपोआप डोक्यावर गेला. काम करताना मी अंबाड्यात पेन खोचते.

करड्या चित्रातल्या बाईनेही हात डोक्याकडे नेला.

८ डिसेंबर

सकाळी अंगणात गेले. गिरजाबाई मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांची सावली मिरच्यांवर, बाजेची सावली जमिनीवर, दोरीवरच्या लुगड्याची सावली भिंतीवर. मी त्यांच्या शेजारी उभी. माझ्या पायांपाशी नुसतं ऊन.

त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. मिरच्या हातात तशाच धरून त्यांनी हळूच विचारलं, “तुमची सावली कुठी ठेवून आल्या, बाई?”

त्या घरात गेल्या. दिवसभर माझ्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. जेवण सायमाने आणून दिलं.

९ डिसेंबर

अ‍ॅपमधल्या सावल्याच बंद केल्या. झाडांच्या गेल्या, दगडांच्या गेल्या, बाहुलीचीही गेली. ती एक राहिली.

लॅपटॉप बंद केला, पुन्हा उघडला. सगळं कोऱ्या प्रतीवरून परत चढवलं. राहिली.

मग दुसरा उपाय. सायमाबद्दल वाईट मनात आणायचं नाही. सकाळी जमलं. सावली मागे गेली, झाडाएवढ्या अंतरावर. मग बाहेरून भाऊंचा आवाज आला, कुणाला तरी फोनवर सांगत होते, आमची सायमा म्हणजे हिरा आहे म्हणून. आणि पडद्यावर—

एका झेपेत. तिच्या पाठीला लागून.

सायमा परत आली तेव्हा मानेवर लाल वळ होता. वेल घासली म्हणाली.

११ डिसेंबर

तिला म्हटलं, उद्या तू आत जाऊ नको, आधी नोंदवलेली वाट दाखवू. ती “काऊन?” म्हणाली. काय सांगणार? तुझ्या मागे मी असते, असं?

भाऊ म्हणाले, खरोखर चालणारं माणूस दाखवायचं, त्यातच मजा आहे. सायमा जाईल. मी गप्प बसले.

गप्प का बसले ते मला माहीत आहे. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर. अजूनही मला तेच हवं होतं.

१२ डिसेंबर

दोनदा वही मिटली. तरी लिहिते.

दुपार. अंगणात अंधार व्हावा म्हणून जाड कापडाचा मांडव, आत खुर्च्या, पांढरा पडदा. गुरुजी, पाहुणे. सायमा लालसूभाऊंबरोबर आत गेली. पडद्यावर झाडं आली तशी लोक वा वा करायला लागले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी लॅपटॉपची तार धरून बसले होते, सुटू नये म्हणून.

मोठ्या पडद्यावर सावली नव्हती. फक्त माझ्या लॅपटॉपवर. बाहुलीला चिकटून. मग सावलीने दोन्ही हात वर उचलले.

माझ्या मोबाइलवर सायमाचा नंबर उघडा होता. बोट टेकवायचं, एवढंच. सायमा, पळ, म्हणायचं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी. बोट तसंच राहिलं. किती वेळ— टाळ्या संपेपर्यंत.

मग लावला फोन. वाजत राहिला. बाहुली हलत नव्हती.

१३ डिसेंबर

जिवंत आहे. अहेरीच्या दवाखान्यात नेलंय. कुठे मार नाही, साप नाही, काही नाही. शुद्ध नाही. मानेवर बोटांचे ठसे.

लालसूभाऊ आले. मी दारात उभी होते, ते पायरीखालीच थांबले. म्हणाले, ती जरा पुढे गेली होती. उजेड होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. “जमिनीवर मात्र दोघीजणी होत्या, बाई.”

आणखी एक सांगितलं. वाटेत ती म्हणत होती, अ‍ॅप उघडलं की पहिलं नाव संघप्रियाताईचं यायला पाहिजे, माझी झाडं काय, ताईनं चालवली म्हणून चालली. आज सगळ्यांसमोर सांगणार होती.

मी आत आले, दार लावलं. रडू आलं. आणि रडता रडता मनात आलं, चांगुलपणातसुद्धा ती माझ्यापुढे. तेवढंही माझ्यासाठी ठेवलं नाही.

मला माझीच भीती वाटतेय.

१५ डिसेंबर

अ‍ॅपमध्ये नाही. सगळी वाट शोधली. सूर्याच्या जागेवरून बघितलं. झाडं आणि जमीन.

अंगणात गेले. पायांपाशीही नाही.

मग आहे कुठे—

बॅग भरली. बल्लारपूरची गाडी धरायची. सायमापासून लांब गेलं की कदाचित—

भाऊंचा फोन. सायमाने डोळे उघडले. बोलली. एकच वाक्य. “संघूताईले बोलवा.”

नाही म्हणता आलं नाही.

१६ डिसेंबर, अहेरी

दवाखाना. सायमा झोपलीय. मी आले तेव्हा जागी होती, माझा हात धरला. म्हणाली, “तू बाजूले असली तर मले भेव नाई वाटत, ताई.” मग डोळा लागला.

गिरजाबाईंना मी आलेलं आवडलं नाही. तरी चहा घ्यायला गेल्या. दोन रात्री झोपल्या नाहीत. आता आम्ही दोघीच.

खिडकीतून ऊन आलंय. सायमाच्या उशामागच्या भिंतीवर माझी सावली पडलीय. परत आली. खांदे, डोकं, सगळं नीट. मी मान हलवली, तिने हलवली. किती बरं वाटलं म्हणून सांगू. संपलं बहुतेक.

खाटेखाली फळांच्या पिशव्या. सगळे येऊन गेले. गुरुजीसुद्धा. कुणीतरी तिच्या झाडाचं चित्र छापून आणलंय, उशाशी लावलंय. मी पुण्यात आजारी होते तेव्हा कोणी एक

नको. नको. हा विचार नको. सायमा चांगली आहे. सायमा चांगली आहे. सायमा

भिंतीवर हललं काहीतरी.

मी लिहितेय. डावा हात वहीवर दाबून धरलाय, उजव्यात पेन. दोन्ही हात इथे आहेत, मला दिसताहेत. दोन्ही माझ्या मांडीवर आहेत. भिंतीवरचे दोन्ही खाली वाकून तिच्या गळ्या—