सुताराची साक्ष

सोमवार, ४ मार्च

सुतारबाई सकाळी आल्या. आत या म्हटलं, तर दारातच उभ्या राहिल्या.

"रविवारच्या मेळाव्यात आमच्या यांचा रेकॉर्ड केलेला आवाज लावणार म्हणे. नका लावू."

"बाई, त्या साक्षीने शेकडो लोकांना धीर मिळालाय!" — माझा नेहमीचा व्यासपीठावरचा सूर.

"ते बरे झालेच नव्हते, पाळकसाहेब."

गेल्या वर्षी सुताराच्या छातीवर हात ठेवून मी गरजलो होतो — प्रभूने हे हृदय बरं केलं! द्या साक्ष! माईक मीच त्याच्या तोंडाशी धरला. तीनशे माणसं बघत होती. तो म्हणाला, "हो, बरा झालो." बाईंनी आज सांगितलं, घरी गेल्यावर तो त्यांना म्हणाला, "सगळ्यांसमोर पाळकांना तोंडघशी कसं पाडू?"

मग गोळ्या थांबल्या. औषधांच्या दुकानात बसतो तो आपलाच, चर्चच्या मंडळीतला, तिसऱ्या बाकावरचा. साक्ष दिलेला माणूस त्याच्यासमोर हृदयाच्या गोळ्या कशा मागणार? काही दिवस लांबच्या दुकानातून आणल्या. पुढे तेही सोडलं. "गोळी घेतली तर साक्ष खोटी ठरते," म्हणायचा. सात महिन्यांनी रंधा मारता मारता कोसळला.

आणि त्याच्या अंत्यविधीला मी काय बोललो? प्रभूने त्याला सात महिने जास्त दिले! टाळ्या तेवढ्या पडल्या नाहीत.

मंगळवार, ५ मार्च

प्रार्थनेला बसलो. तसाच उठलो.

बुधवार, ६ मार्च

सुताराच्या साक्षीचा आवाज सगळीकडे आहे. लाँड्रीवाल्याच्या फोनवर तोच. जिन्यात शेजाऱ्याच्या फोनवर तोच.

दुपारी रिकाम्या सभागृहात गेलो. आमच्या मंडळीच्या कारभारी पंचांपैकी एकजण कर्णे सांभाळतो — सगळे त्याला भोंगा म्हणतात. तो यंत्रं तपासत होता. एकाएकी भिंतींतून सुतार बोलला. भोंगा खूश. "काय पाळकसाहेब! मेलेला माणूस जिवंत उभा राहतो की नाही?"

"हो" म्हणण्याआधी सुतार थांबतो. दोन सेकंद असेल. मी ते शंभरदा ऐकलंय. वाटायचं, त्याला भरून आलंय. आज कळलं — तो माझ्याकडे बघतोय. खोटं बोलू का, हे माझ्या चेहऱ्यावर वाचतोय.

ज्या व्यासपीठाला धरून उभा होतो तेही त्यानेच केलेलं. हात काढून घेतले.

गुरुवार, ७ मार्च

राजीनामा लिहिला. 'प्रकृतीच्या कारणास्तव.' गुपचूप निघून जायचं. बायकोने वाचला.

"प्रकृतीच्या? म्हणजे आणखी एक खोटी साक्ष?"

राजीनामा खिशात कोंबला. 

तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या. छातीत गाठ आहे, पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. "सोमवारी रद्द करते," म्हणाल्या. "सुतारदादांची साक्ष रोज ऐकते. ते विश्वास धरू शकले, मग मी का नाही?" चेहरा कसा उजळला होता त्यांचा!

एक वाक्य पुरलं असतं. मी "प्रार्थना करतो" म्हणालो आणि त्यांना वाटेला लावलं. भित्रा! शेकडोंसमोर सिंह आणि एका बाईसमोर शेळी.

शुक्रवार, ८ मार्च

दिवसभर अंथरुणात. बाहेर कुणीतरी लाकूड घासत होतं. खिडकीतून पाहिलं तर झाडूवाला फरशी खरडत होता.

झुडपाखाली पडून मरण मागणारा तो बायबलमधला संदेष्टा. त्याच्यावर मी अकरा वेळा उपदेश केलाय, दरवेळी मूठ आपटून — ऊठ! खचणं म्हणजे अविश्वास! आज पुन्हा वाचलं. देव त्याच्यावर ओरडत नाही. वादही घालत नाही. झोपू देतो, भाकर देतो, पुन्हा झोपू देतो. अकरा वेळा हे मला दिसलं नाही! इतकी पुस्तकं वाचली, कपाटं भरली. पण जे समोर लिहिलंय ते नाही वाचलं.

बायकोने ताट आणून आदळलं. "आधी जेवा. मग खुशाल मरा."

हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा. जेवलो. मग चारच शब्दांची प्रार्थना झाली — प्रभू, मी खोटा आहे. उत्तर आलं नाही. पण भिंतीशी बोलतोय असंही वाटलं नाही.

शनिवार, ९ मार्च

राजीनामा फाडला. शाळेच्या बाईंच्या घरी गेलो, कुलूप. बहिणीकडे गेल्यात, उद्या परस्पर मेळाव्याला येतील, असं शेजारीण म्हणाली.

भोंग्याला सांगितलं, साक्ष लावायची नाही. "पत्रिका छापून झाल्यात! लोक काय तुमचं तोंड बघायला येतायत?"

रविवार, १० मार्च

बोललो. सगळं. माईक मी धरला होता, शब्द मी काढून घेतला, सुतार माझी लाज राखायला गेला. गोळी घेणं हा अविश्वास नाही. प्रभूने बरं करायचं ते माझ्याच पद्धतीने, हे मला कोणी सांगितलं होतं?

औषधवाला मान खाली घालून बसला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "मग आमच्या साक्षी पण खोट्या का?"

"मला माहीत नाही," म्हणालो. पंधरा वर्षांत व्यासपीठावरून हे शब्द कधी निघाले नव्हते.

शाळेच्या बाई मध्येच उठल्या. माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

बुधवार, १३ मार्च

पंचांचा निर्णय — पुढे कळवेपर्यंत मी बोलायचं नाही. ठीक.

शाळेच्या बाई फोन उचलत नाहीत. आधार काढून घेतला आणि हात रिकामे ठेवले, असं तर झालं नाही ना? डोळे मिटले की सुतार पुन्हा बोलायला लागतो. 'हो'च्या आधी थांबतो. आज मीही त्याच्याबरोबर थांबलो. त्या दोन सेकंदांत म्हटलं — प्रभू, तिला उद्या ऑपरेशनला ने.

गुरुवार, १४ मार्च

इस्पितळात गेलो. शाळेच्या बाईंना आत नेलं होतं. बाहेर बाकावर सुतारबाई!

"तिला मीच आणलं. तीन दिवस समजावत होते." मग सरकून मला बाकावर जागा दिली. "त्या दिवशी तुमच्या दारात एक सांगितलं नव्हतं. राग होता. ते रोज तुमच्यासाठी प्रार्थना करायचे. म्हणायचे, मी बरा झालो नव्हतो हे पाळकांना कधीतरी कळेल, तेव्हा ते मोडतील. प्रभू, त्यांना सांभाळ."