जावयासाठी पूल आणि पाच किलो हळद

१९ मे
रिटायर झालो म्हणून स्वस्थ बसणारा मी नाही. घरामागचा स्विमिंग पूल काल बोअरच्या पाण्यानं भरला. कावेरी त्याला हौद म्हणते. अधिक महिना लागलाय; ३१ तारखेला जावई धोंड्याच्या जेवणाला येणार. लग्नात पियुषरावांनी विचारलं होतं, "परभणीत पोहायला पाणी असतं का?" ते मला अजून टोचतंय. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पाणी काय चीज आहे.

२१ मे, सकाळी
पाणी हिरवट. क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या. तपासायची पट्टी बुडवली, पीएच कमी. घमेलंभर चुना टाकला.

दुपारी
पीएच जास्त. कावेरी म्हणाली, मिठासारखं थोडं थोडं टाकून बघावं. स्वयंपाक वेगळा, केमिस्ट्री वेगळी, हे तिला समजावलं. आज जेवण मिळालं नाही.

२४ मे
पीएच उतरवायला आणखी गोळ्या टाकल्या, तर फारच उतरला. तासातासाला बुडवून पट्ट्या संपल्या. आणखी चुना, अंदाजानं. शेजारचा मुंजाजी शेळ्या घेऊन चालला होता. थांबून म्हणाला, "गुरुजी, पाणी खराब न्हाई. तुमीच त्याला निवांत बसू देईनात." सातवीत माझ्याच विषयात नापास झालेला. लक्ष दिलं नाही.

२६ मे
पट्ट्या हव्यात कशाला? हळद! आम्लात पिवळी, चुन्यात लाल. दरवर्षी वर्गात दाखवायचो. पण कपभर पाण्यावरून अख्ख्या पूलचं कसं कळणार? कावेरी बारशाला गेली होती. वसमतहून आणलेली वर्षाची पाच किलो हळद पूलमध्ये ओतली. शिवाय जंतू मरतात. पूल लालभडक. विज्ञान खरं ठरलं.
कावेरीनं आल्यावर पूल बघितला, मग डबा बघितला. बोलणं बंद.

२९ मे
लिंबं, चिंचेचा कोळ, घरातलं लिंबूसत्व, सगळं ओतलं. पूल पिवळाधमक! म्हणजे चुना संपला, बॅलन्स साधला. एवढा मोठा प्रयोग शाळेत कधी जमला नव्हता. डोळे भरून आले.

३१ मे
दीपिका आणि पियुषराव आले. पुरणाचे धोंडे झाले, अनारसे झाले. पियुषराव पूलकाठी बराच वेळ उभे राहिले. नंतर बघू म्हणाले. अधिकात जावयानं सासऱ्याचा मान ठेवावा, असं मी सहज बोललो. उतरले बिचारे.
बाहेर आले ते कानापासून टाचेपर्यंत हळद लागलेले. कावेरी आज पहिल्यांदा बोलली. "आता मुंडावळ्या तेवढ्या आणा."
दीपिकानं त्यांना साबण दिला, तर लाल झाले. साबण आम्लारीधर्मी असतो, हे मी सांगत होतो. कोणी ऐकून घेतलं नाही.

३ जून
दीपिकाचा फोन. कावीळ समजून ऑफिसनं पियुषरावांना घरी पाठवलं. रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे माझं पाणी निर्दोष. तिनं फोन ठेवला.

५ जून
पियुषरावांचा मेसेज: "बाबा, पुढचा अधिक महिना तीन वर्षांनीच ना?" किती ओढ! तीन वर्षं कशाला, दिवाळीलाच बोलावतो. लगेच पूलकडे गेलो.
पूल कोरडा. कावेरीनं बूच काढून टाकलंय. भिंतीच्या सावलीत, तळाशी मुंजाजीच्या शेळ्या रवंथ करत बसलेल्या. मला खरंच वाईट वाटलं.
दुपारी ताटात वरण आलं ते पांढरंफटक. मी कावेरीकडे बघितलं.
"आता वरीसभर असंच," ती म्हणाली.